स्केटबोर्डचे दुकान आणि दहावीचे वर्ष

न्हावाशेवा बंदरात उतरलेला कंटेनर वाशीच्या बाजारपेठेत पोहोचायला फार वेळ लागत नाही. त्यातला माल खपायला मात्र बराच वेळ लागतो. स्केटबोर्ड, इनलाइन स्केट्स, बीएमएक्स सायकली अशा साहसी खेळांच्या साहित्याचा व्यापार याच मधल्या काळात अडकतो. आयातदाराने परदेशी कारखान्याकडे मागणी काही महिने आधी नोंदवलेली असते, आयात शुल्क आणि जीएसटी माल सोडवतानाच भरलेला असतो, आणि पुढे दुकानदाराचे भांडवल मापांमध्ये विखुरते. स्केट्सची मधली मापे संपतात, टोकाची फळीवर राहतात, आणि नवे मॉडेल आले की उरलेल्या मापांवर सूट द्यावी लागते.



ग्राहकासमोर बोर्ड जुळवण्याचे काम पाहण्यासारखे असते. मेपलच्या सात थरांच्या डेकवर, म्हणजे उभे राहायच्या फळीवर, पॉलिश पेपरसारखी खरखरीत ग्रिप टेप बुडबुडा न राहता चिकटवायची, कडेवरून कानस फिरवून पांढरी रेघ उमटली की त्या रेघेने ब्लेड चालवून जादा टेप कापायची, स्क्रूची आठ भोके टोचायची, दोन्ही ट्रक, म्हणजे चाके धरणारे धातूचे आस, आवळायचे आणि चार चाकांत आठ बेअरिंग दाबून बसवायची. ही सारी मेहनत बोर्डच्या किमतीतच धरली जाते. वेगळी मजुरी मागितली, तर ग्राहक मोबाइल पुढे करून ऑनलाइन भाव दाखवतो. तो भाव खोटा नसतो. मात्र ट्रक नवशिक्यासाठी किती आवळावा, हे सांगण्याची जबाबदारी त्या भावात धरलेली नसते.

तरीही ऑनलाइन विक्रेता हा दुकानदाराचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आहे, असे म्हणणे घाईचे ठरेल. ठाणे आणि नवी मुंबईत मुले स्केटिंग शिकतात ती बहुधा क्लासमध्ये, आणि कोणते स्केट्स घ्यावेत, हे पालक क्लासच्या सरांनाच विचारतात. सरांनी मुलांची मागणी एकत्र करून वितरकाकडून थेट माल आणला, की दुकानाकडे उरते ती बेअरिंग बदलण्याची आणि तुटलेला पट्टा बसवण्याची किरकोळ कामे. यात सरांना दोष देण्यासारखे काही नाही. केवळ शुल्कावर क्लास चालवणे अवघड असते, आणि कोणत्या मुलाचा घोटा आत झुकतो, हे सरांनाच रोज दिसते. ब्रँडने जाहिरातीवर कितीही खर्च केला, तरी खरेदीचा निर्णय स्केटिंगच्या मैदानाच्या, म्हणजे रिंकच्या, कठड्यापाशी होतो.

हा ग्राहक फार काळ टिकतही नाही. सहाव्या-सातव्या वर्षी आलेला मुलगा नववी-दहावीला पोहोचला की क्लास सुटतो, म्हणजे नेमक्या ज्या वयात तो महागडे साहित्य घेऊ लागला असता, त्या वयात दुकानाकडे पाठ फिरवतो. चार महिने पावसाचे. उघडे रिंक ओले, आणि पाणी शिरलेली बेअरिंग गंजतात. सोसायटीच्या आवारात चाकांचा आवाज झाला की सेक्रेटरींची नोटीस लागते. नवी मुंबईसारखे शहर आखीव असले, तरी बोर्ड चालवायला हक्काची जागा मोजकीच असते, आणि जागेवाचून विकलेला बोर्ड महिन्याभरात पलंगाखाली जातो. माझ्या मते या व्यवसायाची मुख्य अडचण किमतीपेक्षा ही आहे.

जगभरचे चित्रही याहून फार सुखाचे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला आणि जपानच्या अवघ्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशिया हिने सुवर्णपदक जिंकले. महासाथीच्या काळात मागणी एकदम वाढली, कारखान्यांकडे मोठ्या मागण्या नोंदवल्या गेल्या, आणि माल पोहोचेपर्यंत ती लाट ओसरली. सर्फिंग-स्केटिंगचे कपडे विकणाऱ्या क्विकसिल्व्हरने अमेरिकेत 2015 मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुढे बोर्डरायडर्स या नावाने चालणाऱ्या त्याच कंपनीने 2018 मध्ये बिलाबाँग ही त्याच क्षेत्रातली प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि 2023 मध्ये ती स्वतः ब्रँडची मालकी घेणाऱ्या ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे गेली. नाव एकाकडे आणि दुकाने परवानाधारकाकडे, अशी व्यवस्था झाली. त्या नावांची अमेरिकेतील दुकाने चालवणाऱ्या लिबरेटेड ब्रँड्सने फेब्रुवारी 2025 मध्ये दिवाळखोरी जाहीर करून शंभराहून अधिक दुकाने बंद करण्याचे ठरवले. ब्रँडचे बोधचिन्ह टी-शर्टवर राहते, पण मागणी नोंदवताना खेळाडूंचे बोलणे ऐकणारी माणसे अशा फेरफारात गळतात.

आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून स्केट्ससारख्या क्रीडासाहित्यावरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, ही दिलाशाची बाब आहे. अडीच हजारांपर्यंतच्या बुटांनाही 5 टक्के दर लागला. त्यावरील बुटांना मात्र 18 टक्केच आहे, आणि नावाजलेल्या ब्रँडचे बहुतेक स्केट शूज त्याच गटात बसतात. कर उतरल्याने पहिली जोडी घेणे सोपे होईल. दुसरी आणि तिसरी जोडी त्याच दुकानातून जावी, यासाठी लहान झालेले स्केट्स परत घेऊन, चाके-बेअरिंग बदलून पुढच्या मुलाला निम्म्या किमतीत देण्याची सोय आणि जवळच्या क्लासच्या सरांशी कमिशनचा उघड करार, हे दोन मार्ग दुकानदाराच्या हातातले आहेत. रिंकवर छप्पर घालणे त्याच्या हातात नाही. ते काम महापालिका आणि सिडकोचे आहे.