आधी आतशबस, मग करार: अफगाण नागरिकांनी मागितलेला क्रम

युद्धबंदीला दरी भाषेत ‘आतशबस’ म्हणतात. आपल्या आतषबाजीतला आतश आणि आपलाच ‘बस्स’. पश्तोत ‘ओरबंद’, म्हणजे आग बंद. शब्द इतके ओळखीचे आहेत की अर्थ समजायला दुभाषा लागत नाही. तरीही अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या ज्या करारावर 29 फेब्रुवारी 2020 रोजी कतारमधल्या दोहात सह्या झाल्या, त्यात कायमची युद्धबंदी ही अट नव्हती. पुढे कधीतरी होणाऱ्या चर्चेतला तो एक विषय होता, एवढंच. आज मी सगळा वेळ या एका फरकावर घालवणार आहे. नागरिकांच्या मागण्या भाबड्या होत्या, असं म्हणायची एक पद्धत पडली आहे. त्या भाबड्या नव्हत्या. काय हवं यापेक्षा कशानंतर काय हवं, याबद्दल त्या जास्त काटेकोर होत्या.

मार्च 2018. हेलमंद प्रांताची राजधानी लष्करगाह. तिथल्या स्टेडियमबाहेर गाडीबॉम्ब फुटला, माणसं मेली. तोवर असं झालं की लोक दफन उरकून घरी जात. या वेळी त्यांनी तंबू ठोकले. बायकांनीही वेगळा तंबू टाकला, आणि हेलमंदमध्ये ही साधी गोष्ट नाही. त्यातून पदयात्रा निघाली. काबूलपर्यंत सुमारे 700 किलोमीटर, त्यातला बराच भाग रमजानात, म्हणजे उन्हात पाण्याशिवाय. 18 जूनला ते काबूलला पोचले. त्यांच्या मागण्या चार होत्या: युद्धबंदी, बोलणी, दोन्ही बाजूंना मान्य होईल असा कायदा, आणि परदेशी फौजा परत जाण्याचं वेळापत्रक. शेवटची मागणी ऐकून त्यांना तालिबानधार्जिणे म्हटलं गेलं, पहिली ऐकून सरकारधार्जिणे. मग त्यांनी अमेरिका, ब्रिटन, रशिया, पाकिस्तान, इराण अशा वकिलातींसमोर पाळीपाळीने ठाण मांडलं. पैसा आणि शस्त्रं कुठून येतात, याचं उत्तर त्यांच्या बसण्याच्या जागांमध्येच होतं.

ते पोचले त्याच आठवड्यात ईदची तीन दिवसांची युद्धबंदी पाळली गेली होती. तालिबानचे सैनिक शहरांत आले, पोलिसांच्या गळ्यात गळे घालून सेल्फी काढले, आइस्क्रीम खाल्लं. हे चित्र गोड आहे, पण त्यातली कामाची गोष्ट वेगळी. वरून हुकूम आला तर खालची बंदूक थांबते, हे सिद्ध झालं. ‘आमचे गट विखुरलेले आहेत, सगळ्यांवर ताबा नाही’ ही सबब त्या तीन दिवसांनी संपवली. तालिबाननं मुदतवाढ दिली नाही. युद्धबंदी हे त्यांच्या हातातलं सर्वात मोठं नाणं होतं आणि ते त्यांना शेवटपर्यंत खिशात ठेवायचं होतं. दोहाच्या करारानं नेमकं तेच करू दिलं.

करार कसा बांधला होता, ते पाहू. परदेशी फौजा 14 महिन्यांत जाणार. पहिल्या 135 दिवसांत अमेरिकी संख्या 8,600 वर येणार. 10 मार्च 2020 पर्यंत तालिबानचे 5,000 पर्यंत कैदी आणि दुसऱ्या बाजूचे 1,000 पर्यंत सुटणार, आणि त्याच दिवशी अफगाणांमधली बोलणी सुरू होणार. आता गंमत अशी, की हे 5,000 कैदी ज्या सरकारच्या तुरुंगात होते, ते सरकार या कराराचा पक्षच नव्हतं. त्याच दिवशी काबूलमध्ये अमेरिका आणि अफगाण सरकार यांचं वेगळं संयुक्त निवेदन निघालं. त्यात मोठ्या संख्येने कैदी सोडणं ‘शक्य आहे का’ यावर चर्चा करू, एवढंच होतं. एका कागदात वचन, दुसऱ्यात विचारविनिमय. दुसऱ्याच दिवशी अफगाण राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी म्हणाले, असं वचन आम्ही दिलेलं नाही. शेवटच्या 400 कैद्यांसाठी ऑगस्टमध्ये लोया जिरगा, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींची महासभा, भरवावी लागली, आणि 10 मार्चची बोलणी 12 सप्टेंबरला सुरू झाली.

सहा महिने गेले, पण फौजा परत जाण्याचं घड्याळ थांबलं नाही. ते बोलण्यांना जोडलेलंच नव्हतं. पुढे नुसत्या कार्यपद्धतीचे नियम, म्हणजे कसं बोलायचं याचे 21 मुद्दे ठरायला 2 डिसेंबर उजाडला. विषयपत्रिका ठरायच्या आत, 15 जानेवारी 2021 ला, अमेरिकी सैनिक 2,500 उरले होते. जो पक्ष वाट पाहू शकतो तो अशा टेबलावर घाई का करील?

कार्यपद्धतीवर बारा आठवडे का लागले, हे बाहेरून हास्यास्पद वाटतं. वाद मुख्यतः दोन होते. बोलण्यांचा पाया दोहाचा करार मानायचा का? आणि शब्दार्थाचा तंटा झाला तर फक्त हनफी फिक्हनुसार, म्हणजे सुन्नींच्या एका कायदेपरंपरेनुसार, निवाडा करायचा का? दुसरा मुद्दा शिया लोकांच्या, म्हणजे मुख्यतः हजारा समाजाच्या जिवाशी होता. 2004 च्या संविधानातल्या 131 व्या कलमानं त्यांना कौटुंबिक बाबतीत स्वतःचा शिया कायदा दिला होता. नियमांच्या कागदावर ‘फक्त हनफी’ आलं असतं, तर पुढच्या संविधानात ते कलम कुठे राहिलं असतं? सर्वसमावेशक या शब्दाचा अर्थ असा कलमाकलमात असतो, फोटोतल्या पगड्यांच्या विविधतेत नसतो.

स्त्रियांचं म्हणणंही असंच नेमकं होतं. त्यांच्या संघटनांनी चौतीसही प्रांतांत बैठका घेतल्या आणि फेब्रुवारी 2019 अखेर काबूलमध्ये मोठा मेळावा भरवला. मागणी खुर्च्यांची होतीच, पण त्याहून मोठी मागणी होती संविधानातल्या 22 व्या कलमाची: स्त्री आणि पुरुष, कायद्यापुढे समान हक्क आणि कर्तव्यं. त्यावरून मागे जायचं नाही. जुलै 2019 मध्ये दोहात अफगाणांची अनौपचारिक परिषद झाली. तालिबाननं सरकारशी बोलायला नकार दिल्यामुळे सरकारी माणसंही तिथे ‘वैयक्तिक नात्यानं’ बसली. संयुक्त निवेदनात स्त्रियांच्या हक्कांचा उल्लेख आला, पण ‘इस्लामच्या चौकटीत’ या शब्दांसह. बहुतेक अफगाण स्त्रियांना या शब्दांवर आक्षेप नव्हता. संविधानही इस्लामीच होतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की चौकट कोण आखणार? न्यायालय, संसद की मौलवींची परिषद? निवेदन त्यावर गप्प राहिलं. फेब्रुवारी 2020 च्या करारात तर ‘स्त्री’ हा शब्दच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये बोलणी करणाऱ्या सरकारी बाजूच्या 21 जणांत चार स्त्रिया होत्या: फौजिया कूफी, हबीबा सराबी, फातिमा गैलानी, शरीफा जुरमती. समोर तालिबानच्या 21 जणांत एकही नाही.

आणि ज्यांची माणसं गेली, त्यांची खुर्ची? तीही नव्हती. अफगाणिस्तानच्या स्वतंत्र मानवाधिकार आयोगानं 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत 69 टक्के लोकांनी सांगितलं होतं की आपण किंवा आपलं जवळचं माणूस थेट अत्याचाराचं बळी ठरलं आहे. संसदेनं 2007 मध्ये उत्तर दिलं ते सर्वसाधारण माफीच्या कायद्यानं. संसदेत बसलेल्या अनेकांवरच जुने आरोप होते, त्यामुळे हे अनपेक्षित नव्हतं. तरी एक फट राहिली. शरियतमध्ये ‘हक्क-उल-अब्द’ म्हणजे माणसाचा माणसावरचा हक्क. तो राज्य माफ करू शकत नाही. ज्याचं माणूस गेलं तोच माफ करू शकतो. कायद्यानं व्यक्तीचा हा दावा शाबूत ठेवला. म्हणून बळींच्या प्रतिनिधींना टेबलावर जागा द्या, हा आग्रह पाश्चात्त्य आयात नव्हता, ती तिथल्याच कायद्यातली गोष्ट होती. कोलंबियाचं सरकार आणि तिथले बंडखोर यांच्या हवानातल्या बोलण्यांसमोर 2014 मध्ये बारा-बारा जणांच्या पाच तुकड्यांत 60 बळी येऊन बोलले. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. दोन्ही बाजूंनी समोर बसून ऐकायची तयारी लागते.

युद्धबंदीशिवाय बोलणी चालवली की काय होतं, ते आकड्यांत दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तानातल्या मोहिमेनं 2020 मध्ये 8,820 नागरिक ठार वा जखमी झाल्याची नोंद केली. वर्षाचा आकडा आदल्या वर्षापेक्षा कमी होता, पण शेवटच्या तिमाहीत, म्हणजे बोलणी सुरू झाल्यावर, तो चढला. टेबलावर वजन वाढवायचं तर रणांगणावर सरकायचं, हा वाटाघाटींचा जुना हिशेब. त्याच काळात पत्रकार, न्यायाधीश, मानवाधिकार आयोगाचे कर्मचारी यांना एकेकटं गाठून मारलं जात होतं. शांतता टिकली असती तर तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसं हीच असती.

15 ऑगस्ट 2021 ला काबूल पडलं. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो भरभर सांगतो. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद, डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठं बंद, मे 2022 मध्ये मानवाधिकार आयोग बरखास्त. टेबल मात्र पुन्हा दोहातच मांडलं गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नागरी प्रतिनिधींना बोलावलं, तर तालिबान आले नाहीत. 30 जूनला तालिबान आले, तेव्हा स्त्रिया आणि नागरी प्रतिनिधी त्या खोलीत नव्हते. त्यांची भेट 2 जुलैला, मुख्य बैठक संपल्यावर, वेगळी ठेवली होती. मुख्य बैठकीचे विषय होते खासगी उद्योग आणि अमली पदार्थ. वेगळ्या भेटीला जायला काही जणींनी नकारच दिला. क्रमाचा प्रश्न पुन्हा तोच: कोण आधी, कोण नंतर, आणि दोघं एकत्र का नाहीत?

8 जुलै 2025 रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं लिंगाधारित छळाच्या आरोपावरून दोन अटक वॉरंट काढली. एक तालिबानप्रमुख हैबतुल्लाह अखुंदजादा यांच्यावर, दुसरं सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर. 2020 मध्ये दोहात त्या चार स्त्रियांसमोर बसलेल्या 21 जणांचे प्रमुख हेच हक्कानी होते.