गाठ, घडी आणि खळ : दिवाळीच्या भेटींची घरगुती वेष्टने

पडद्यावर दिसते आहे ती सुती नऊवारी आता नेसण्याजोगी राहिलेली नाही. तिचा मधला भाग विरला आहे. पदर आणि काठ मात्र अजून पक्के आहेत, आणि पुण्यातील या घरात दिवाळीच्या भेटींची तयारी याच कापडापासून सुरू होते. आजी साडी उजेडासमोर धरतात, विरलेले कापड कुठे संपते ते बोटाने चाचपतात, तिथे खडूने खूण करतात आणि मगच काठाला छोटीशी चीर देतात. त्यापुढे कात्रीची गरज पडत नाही. साध्या विणीचे सुती कापड चिरेपासून फाडले की धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते, आणि कात्रीने कापताना जी वाकडी कड येते ती इथे येत नाही. पूर्वी अशा साडीची गोधडी होत असे. या घरातही गोधडीचे तुकडे वेगळे काढले जातात, परंतु पक्क्या कापडाचे चौरस करून त्यांत भावांच्या, नणंदांच्या आणि भाच्यांच्या भेटी बांधल्या जातात.

चौरस नेमका आहे की नाही हे पाहण्यासाठी कापड तिरपे दुमडून टोकाला टोक जुळवायचे. चौरस केवढा हवा, याचाही सोपा अंदाज आहे. वस्तू कापडाच्या मधोमध तिरपी ठेवली असता ती एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतच्या अंतराचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापत असेल, तर गाठीसाठी पुरेसे कापड उरते. त्याहून वस्तू मोठी असेल तर टोके आखूड पडतात, आणि लहान असेल तर कापडाचा नुसता बोंगा होतो.

नात विचारते, "आजी, काठ आत घेऊ का?" आजी म्हणतात, "बाहेर राहू दे गं, काठासाठीच तर हे कापड ठेवलंय."

आता त्यांच्या हातांकडे नीट पाहावे. डबा मध्यभागी ठेवला आहे. जवळचे टोक डब्यावरून पलीकडे नेऊन खाली खोचले, पलीकडचे टोक त्यावरून अलीकडे आणले, आणि उरलेली डावी-उजवी टोके वर घेतली. पहिल्या फेऱ्यात उजवे टोक डाव्यावरून गेले. दुसऱ्या फेऱ्यात मात्र डावीकडे आलेले टोक उजव्यावरून न्यायचे असते. दोन्ही फेरे एकाच दिशेने घेतले तर गाठीची टोके आडवी न राहता उभी राहतात, आणि अशी गाठ एक तर सरकते किंवा आवळून बसते. नीट बांधलेल्या गाठीची टोके डब्यावर सपाट निजतात. ती सोडवताना नखांनी उकरावी लागत नाही. एक टोक धरून उलट्या दिशेने ताणले की ते सरळ होते आणि त्यावरची गाठ अलगद सरकून बाहेर येते. ज्याला भेट द्यायची त्या माणसाला ती उघडताना त्रास होऊ नये, एवढा विचार या एका गाठीत केलेला असतो, आणि म्हणूनच या चित्रणात आम्ही तिला इतका वेळ दिला आहे.

बरणी बांधण्याची रीत वेगळी आहे. समोरासमोरची दोन टोके बरणीच्या झाकणावर बांधायची, आणि उरलेली दोन मागच्या बाजूला एकमेकांवरून नेऊन पुन्हा पुढे, बरणीच्या गळ्याशी बांधायची. वरच्या गाठीला पीळ दिला की धरायला मूठ तयार होते. लिंबाच्या लोणच्याची ही बरणी आता नात एका हाताने उचलून दाखवते आहे.

चौकोनी कापडात भेट बांधण्याची ही कला जपानने फार जपली आहे. तिथे तिला फुरोशिकी म्हणतात. नारा येथील शोसोइन या राजकोठारात आठव्या शतकातील वस्तूंबरोबर त्या ज्यांत बांधल्या होत्या ती कापडेही सांभाळून ठेवलेली आहेत. पुढे प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे ही रीत मागे पडली, तेव्हा २००६ मध्ये जपानच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकाऊ बाटल्यांच्या धाग्यापासून केलेली फुरोशिकी लोकांसमोर आणून ही सवय पुन्हा लावण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे गाठोडे, बोचके, पुरचुंडी हे सारे प्रकार होतेच. ते भेटीसाठी वापरण्यात कमीपणा मानला जाऊ लागला, ही खेदाची गोष्ट आहे, कारण काठापदराचे कापड जितके देखणे असते तितका बाजारातील कोणताही चकचकीत कागद नसतो.

सगळ्याच भेटी कापडात बांधता येत नाहीत. पुस्तक, चौकट केलेले छायाचित्र किंवा चपटी पेटी यांना कागदच शोभतो, आणि त्यासाठी हे घर हातकागद वापरते. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून के. बी. जोशी यांनी हातकागदाचे प्रयोग केले, आणि पुण्याच्या शिवाजीनगर भागातील हातकागद संस्था १९४० साली उभी राहिली. हा कागद झाडाच्या लाकडापासून नव्हे, तर सुती चिंध्यांपासून होतो. शिलाईच्या कारखान्यांत उरलेली कात्रणे निवडून त्यांतील बटणे, शिवणी आणि कृत्रिम धाग्याचे तुकडे वेगळे करतात, कात्रणे बारीक कापतात आणि पाण्याबरोबर यंत्रात कित्येक तास कुटतात. तेव्हा कुठे हा दुधासारखा लगदा तयार होतो.

कारागीर जाळीची चौकट हौदात तिरपी बुडवतो, आडवी करून वर उचलतो आणि पाणी निथळत असतानाच तिला पुढे-मागे व आडवा असा हलका झोका देतो. त्या झोक्यात तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंततात. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने निजलेले असतात, त्यामुळे तो एका बाजूने सहज दुमडतो आणि दुसऱ्या बाजूने तडकतो. हातकागदाला असा भेद फारसा नसतो. चौकट कापडावर उलटी केली की ओले पान तिथे उतरते. पानांवर कापड आणि कापडावर पाने अशी चळत रचून ती दाबयंत्रात दाबली जाते, मग पाने दोरीवर सुकवली जातात आणि शेवटी रुळांमधून काढून गुळगुळीत केली जातात. पानाची ही विरविरीत, वेडीवाकडी कड चौकटीच्या काठाशी लगदा पातळ झाल्याने येते. पुष्कळ जण ती कापून टाकतात. ती कापू नये. भेटीच्या वरच्या बाजूला येईल अशी ठेवावी.

चकचकीत छापील कागदाची प्रथा तशी अलीकडची आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९१७ च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातील भेटी गुंडाळण्याचा साधा पातळ कागद संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या अस्तरासाठी फ्रान्सहून आणलेले नक्षीदार कागद विक्रीला ठेवले. ते हातोहात संपले, आणि पुढे हॉलमार्क या नावाने वाढलेल्या त्यांच्या व्यवसायात वेष्टनाच्या कागदाची मोठी शाखा उभी राहिली. पारदर्शक चिकटपट्टी त्यानंतर, १९३० मध्ये, रिचर्ड ड्र्यू यांनी थ्रीएम कंपनीत तयार केली. त्याआधी भेटी दोऱ्याने आणि लाखेने बंद होत असत. आज मिळणाऱ्या चमकत्या वेष्टनांपैकी बरीच प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची असतात आणि त्यांचा पुन्हा कागद होत नाही. मुठीत चुरगाळून सोडल्यावर ते वेष्टन आपोआप उलगडले, तर ते कागद नव्हे असे समजावे.

या घरात चिकटपट्टीही वापरत नाहीत. मैद्याची खळ शिजते आहे. मैदा आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढरे मिश्रण अर्धवट पारदर्शक झाले आणि पळीला धरू लागले की खाली उतरवायचे. पुस्तके बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने, मुलांचे हात लागणाऱ्या आणि खाऊच्या डब्यांवर चढणाऱ्या या खळीत तो घातलेला नाही, आणि म्हणून ती रोज ताजी केली जाते.

पुस्तकाला कागद घालताना पुस्तकाभोवती एक पूर्ण वेढा बसून वर दोन बोटे कागद उरावा. दोन्ही तोंडांशी मात्र पुस्तकाच्या जाडीपेक्षा किंचित कमी कागद पुढे असावा. तो जास्त झाला की कोपऱ्यात जाड घड्या साठतात. सुनबाई प्रत्येक घडीवरून चमच्याची पाठ फिरवतात. हातकागद जाड असतो, आणि अशी दाबलेली घडीच त्याला धारदार कोपरा देते. खळ ब्रशने अगदी पातळ लावली आहे, कारण ओलाव्याने कागदाला सुरकुती पडते.

यानंतरचे काम मुलांचे आहे. भेंडी आडवी कापली की तिचा ठसा पाच पाकळ्यांच्या फुलासारखा उमटतो. बटाट्यावर कोरलेली अक्षरे उलटी कोरावी लागतात, हे धाकट्या भाच्याला आता उमगले आहे. मोठ्या मुलीने आत्याच्या भेटीवर पांढऱ्या रंगाने ठिपके मांडून त्यांची रांगोळी जोडली आहे, कारण दिवाळीत या घराच्या अंगणात रांगोळी काढायची ती आत्याच. मामाला नकाशांचा नाद आहे, म्हणून त्यांच्या भेटीच्या कागदावर मामांच्या गावापर्यंतची वाट, नदी आणि एस. टी.चा थांबा पेन्सिलीने काढला आहे. ज्या मावशी दूर राहतात त्यांच्या भेटीला दोन वेष्टने आहेत. बाहेरचे जाड आणि साधे आहे, टपालात मार खाण्यासाठी. आतले खणाचे आहे. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा हा खण आजींच्या ओटीत आलेला होता, आणि त्याची चोळी शिवायची राहून गेली होती. भेटीवर नाव लिहिताना छापील चिठ्ठी वापरलेली नाही. 'चि. दादास', 'सौ. वन्संना', 'ती. मामांस' अशी हाताने लिहिलेली अक्षरे आहेत, आणि कापड कोणाच्या साडीचे आहे ते खाली एका ओळीत लिहिले आहे.

फराळाच्या डब्यांत आधी केळीचे पान अंथरले आहे, म्हणजे तुपाचा डाग कापडापर्यंत जात नाही. शेजारच्या घरांत जाणारी ताटे मात्र क्रोशाच्या विणलेल्या रुमालांनीच झाकली आहेत. ही ताटे रिकामी परत येत नाहीत; त्यांत शेजारची चकली किंवा करंजी येते, आणि रुमाल धुऊन, घडी घालून येतो. कापडाच्या चौरसांचेही तसेच व्हावे, अशी या घराची इच्छा आहे. मागच्या वर्षी दिलेल्या कापडांपैकी काही यंदा परत आली आहेत, आणि एकात तर नणंदेने नातवाच्या बारशाची भेट बांधून पाठवली आहे.

भाऊबीजेच्या दिवशीचे हे चित्रण आहे. ओवाळणी झाली आहे आणि भेटी हातात आल्या आहेत.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल. पुढचे काम रुखवताचे आहे. त्यासाठी हातकागदाची पाने आणि दोन खण वेगळे काढून ठेवले आहेत.