खुराडं बांधणारे हात आणि पिसवा

मंडळी, नमस्कार.

पुण्यात कोंबडीचा विषय निघाला की बोलणं लगेच मोठ्या शेडकडे वळतं. ते साहजिक आहे. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली उभी राहिली, तिचा कारभार आपल्याच शहरातून चालतो. पण आज इथे बसलेल्या बहुतेकांकडे दहा-वीस गावरान कोंबड्या आहेत. कुणी मुळशीहून आलंय, कुणी भोरहून, कुणी पुरंदरहून. तुमच्या कोंबड्यांचं घर म्हणजे बांबू, लाकडी फळ्या, सुतळी आणि जुने पत्रे. तेव्हा आज त्या घराबद्दल आणि ते बांधणाऱ्या हातांबद्दल बोलू. माझं म्हणणं एवढंच आहे की पिसवांचा बंदोबस्त खुराडं बांधायला घ्याल त्याच दिवशी सुरू व्हायला हवा.

आधी शत्रू ओळखू. कोंबडीच्या उवा चोवीस तास तिच्या अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिसाच्या मुळाशी पांढरट अंड्यांचे गठ्ठे चिकटलेले दिसले की समजा उवा आहेत. अंगावरून खाली पडलेली ऊ फार दिवस जगत नाही. तांबड्या पिसवांचं, ज्यांना डॉक्टर रेड माइट म्हणतात, वागणं अगदी उलट. त्या दिवसा फटीत लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात आणि उजाडायच्या आत पुन्हा फटीत जातात. उपाशी असताना करड्या, रक्त प्यायल्यावर लाल. ऊबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढ होते. कोंबडी नसली तरी रिकाम्या खुराड्यात त्या कित्येक महिने तग धरतात. म्हणजे उवांसाठी कोंबडी बघायची आणि पिसवांसाठी घर. दिवसा कोंबडी उचलून पाहिली, काहीच दिसलं नाही, म्हणून निर्धास्त झालेले पुष्कळ लोक मला भेटतात. पण तुरा फिका पडलाय, अंडी कमी झालीत आणि तिन्हीसांजेला कोंबड्या आत जायला कुरकुरतात, ही पिसवांचीच लक्षणं. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला पांढरा कागद घासा. कागदावर रक्ताचे ओघळ उमटले तर दुसरा पुरावा नको.

आता दांडीकडेच बघू, कारण सगळं मर्म तिथे आहे. बांबू आतून पोकळ. कापताना दोन गाठींच्या मधे कापला की दोन्ही तोंडं उघडी राहतात आणि आत पिसवांना ऐसपैस, अंधारी, कोरडी जागा मिळते. तोच बांबू गाठीला लागून कापला तर दोन्ही टोकं आपोआप बंद. कसलेल्या बुरुडाला हे एकदाच सांगावं लागतं. दुसरी जागा म्हणजे सुतळीची गाठ. दांडी सुतळीनं आवळून बांधली की त्या वेटोळ्यांखाली पिसवा दाटीनं बसतात, आणि गाठ सोडल्याशिवाय तिथे काहीच पोहोचत नाही. दांडी बांधूच नका. दोन्ही बाजूंना खाचा करा, दांडी नुसती ठेवा. दर आठवड्याला ती उचलून बाहेर आणता येते, खाचांवर उकळतं पाणी ओतता येतं.

सापळाही घरीच होतो. खोक्याचा नागमोडी पुठ्ठा असतो ना, त्याची बोटभर जाडीची गुंडाळी करून दांडीच्या टोकाला खालून अडकवा. पिसवांना फट हवी असते, त्या तिथे शिरतात. तीन-चार दिवसांनी गुंडाळी काढून थेट चुलीत टाका. यानं पिसवा संपत नाहीत, पण किती आहेत आणि कमी होताहेत का, हे नेमकं कळतं.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीवर मात्र वेगळं लक्ष ठेवावं लागतं, तिची मला फार काळजी वाटते. ती एकवीस दिवस पाटीत बसणार. दाणापाण्यापुरती उठते, धुळीत लोळणं जवळजवळ बंद होतं. एकवीस दिवसांत पिसवांच्या दोन पिढ्या सहज होतात. मग ती अंडी सोडून उठते आणि आपण म्हणतो, कोंबडी नीट बसली नाही. पाटी विणीची असेल तर कणगीसारखी आतून शेणमातीनं लिंपून घ्या, म्हणजे विणीच्या फटी बुजतात. लिंपण तडकलं की पुन्हा हात फिरवा. खाली कोरडी राख, वर नवा पेंढा. सातव्या दिवशी अंडी उजेडावर धरून तपासता, तेव्हाच पेंढा बदला आणि जुना जाळून टाका.

बाकीच्या कोंबड्यांसाठी जुनं टायर आडवं टाकून त्यात कोरडी माती आणि चाळलेली राख भरून ठेवा. पाऊस लागू देऊ नका, ओली राख कातडीला झोंबते. सीताफळाच्या बियांची पूड पुरंदरकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं उवा मरतात हे खरं. पण ती डोळ्यात गेली तर मोठी इजा होते, तुमच्याही आणि कोंबडीच्याही, म्हणून मी ती सुचवत नाही. पिकावरची फवारणी खुराड्यात मारणं तर पूर्ण वर्ज्य समजा. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच तांबड्या पिसवांसाठी मारलेल्या औषधात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेलं निघालं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आपली अंडी तर आपलीच मुलं खातात. औषध लागलंच तर पशुवैद्यकाला विचारून, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्याच वेळी विचारून. आठवड्यानं तेच पुन्हा करा, कारण पहिल्या वेळी फटीतली अंडी वाचलेली असतात.

शेवटी मजुरीचं. बुरुड आळीत डालगं घेताना आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि हे मला मनापासून खुपतं. घाईनं विणलेल्या वस्तूत कामट्यांच्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्यांच्या, कडा उचकटलेल्या असतात, प्रत्येक उचकटलेल्या कडेखाली पिसवांना बिऱ्हाड मिळतं. तासून गुळगुळीत केलेली कामटी, गाठीला कापलेली दांडी, उचलता येणारा तळ या सगळ्याला कारागिराचा जास्त वेळ लागतो. तेव्हा जाताना खुराड्याचं माप घेऊन जा, दांडी कुठे कापायची ते त्याला समोर बसून दाखवा, आणि जास्त वेळाची जास्त मजुरी आधीच ठरवून द्या.