सर्व्हरचा पत्ता पक्का करताना

पडद्यावर आहे उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर. 'आयपी ए' ही कमांड दिली की पत्ता दिसतो: 192.168.1.157. त्याच ओळीत 'डायनॅमिक' हा शब्द आहे. म्हणजे राउटरने डीएचसीपीमार्फत, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीमार्फत, हा पत्ता मुदतीवर दिलाय. मुदत अर्धी सरली की सर्व्हर ती वाढवून मागतो, आणि बहुतेक वेळा तोच पत्ता कायम राहतो. पण राउटर बदलला किंवा सर्व्हर बरेच दिवस बंद राहिला, की पत्ता बदलू शकतो. फोनचं त्याने काही अडत नाही. सर्व्हरचं अडतं, कारण इतर यंत्रं त्याला शोधत येतात.

नवा पत्ता राउटरच्या वाटपाबाहेरचा घ्या. राउटर शेवटचा आकडा 100 ते 200 असलेले पत्ते वाटत असेल, तर 20 घ्या, म्हणजे 192.168.1.20. नाहीतर तोच पत्ता एखाद्या फोनलाही मिळतो आणि कनेक्शन कधी लागतं, कधी तुटतं. हा बिघाड शोधणं फार जिकिरीचं, कारण वेगवेगळी तपासली तर दोन्ही यंत्रं ठणठणीत.

आता 'ईटीसी'मधल्या 'नेटप्लॅन' फोल्डरमधली यामल फाइल उघडूया; नेटवर्कची सेटिंग या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. इथे टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची. पत्त्यापुढे /24 हवाच; पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते त्यावरून कळतं. गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट असलेल्या राउटरचा पत्ता, राहिला तर सर्व्हर आतल्यांशी बोलतो, बाहेर पोहोचत नाही. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, राहिला तर आकड्याने पिंग (पोहोच तपासणारी कमांड) लागतो, नावाने नाही.

खरी जोखीम पुढे आहे. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करून, पत्ता बदलणं म्हणजे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. म्हणून डीएचसीपी लगेच बंद करू नका. आधी नवा पत्ता जोडीला द्या. एका नेटवर्क कार्डवर दोन पत्ते सुखाने नांदतात. मग नव्या पत्त्यावरून लॉगिन करा, फाइलमध्ये डीएचसीपी बंद करा, गेटवे आणि डीएनएस लिहा, आणि 'सुडो नेटप्लॅन ट्राय' द्या. 120 सेकंद उलटे मोजले जातात. एंटर दाबलं तर बदल पक्का, नाही दाबलं तर जुनी सेटिंग परत. बदल लगेच लागू करणारी 'नेटप्लॅन अप्लाय' कमांड थेट देणाऱ्याला ही सोय मिळत नाही, म्हणून दूरच्या सर्व्हरवर 'ट्राय'च वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

आता 'आयपी राउट' ही कमांड द्या. पहिली ओळ 'डिफॉल्ट व्हाया 192.168.1.1', म्हणजे बाहेरची वाट राउटरच्या या पत्त्यावरून जाते. सर्व्हर एकदा रीबूट करा, 20 वर पुन्हा लॉगिन करा, आणि 'डायनॅमिक' शब्द गेल्याची खात्री करा.