ताईंच्या ताई

(दृश्य : सकाळची टेकडी, गवत, दुरून पोरांचा गलका. पडद्यावर अक्षरे : कोसबाड, तालुका डहाणू.)

१९६१ साली अनुताई वाघ बी.ए. झाल्या. वय वर्षं ५१.

उशिरा का होईना शिक्षण पुरं केलं, कौतुक आहे, असं म्हणून पुढे जाता येईल. पण त्या वेळी त्या काय करत होत्या ते बघा. या टेकडीवर त्या बालवाडी चालवत होत्या आणि बालवाडी चालवायला निघालेल्या बायकांना तयार करत होत्या. एकीकडे शिक्षिकांच्या शिक्षिका, दुसरीकडे स्वतःच विद्यार्थिनी. हा योगायोग नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य असंच गेलं.

(दृश्य : मोरगावचं देऊळ, गावातला जुना वाडा.)

जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. तेराव्या वर्षी! त्या काळच्या अशा मुलीच्या वाट्याला बहुधा माजघराचा कोपरा यायचा. फार तर एक वाट उघडी असायची. हिंगण्याचा आश्रम, सेवासदन अशा संस्थांमुळे पुण्यात विधवा मुलीनं मास्तरीण होणं हे तोवर मानाचं काम ठरलं होतं. अनुताई त्या वाटेनं गेल्या. प्रशिक्षण घेतलं, चांदवडला काही वर्षं शिकवलं आणि १९३३मध्ये पुण्याच्या हुजूरपागेत रुजू झाल्या.

१८८४ साली सुरू झालेली, नावाजलेली मुलींची शाळा. दिवसा तिथे मुलींना शिकवायचं आणि संध्याकाळी रात्रशाळेत जाऊन स्वतः बाकावर बसायचं. मॅट्रिक त्या अशा झाल्या. सुमारे बारा वर्षं त्यांनी हुजूरपागेत काढली. म्हणजे नोकरी पक्की, शहर ओळखीचं, हात बसलेला.

मग १९४५ साल उजाडलं.

(दृश्य : बोर्डीचा किनारा, सुरूची झाडं.)

कस्तुरबा गांधी आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांच्या नावानं निघालेल्या ट्रस्टनं खेड्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी बोरिवलीला शिबिर घेतलं. तिथे अनुताईंना ताराबाई मोडक भेटल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या, १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करण्यात ज्यांचा हात होता, त्या ताराबाई. माँटेसरी पद्धत आपल्याकडे आणली खरी, पण ती शहरातल्या सुखवस्तू घरांतच अडकली, ही त्यांची बोच होती. आता त्यांना ती खेड्यात न्यायची होती. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या, अनुताई ३५च्या. दोघी बोर्डीला आल्या.

१९४५ हे साल इथल्या माणसांना आणखी एका कारणानं आठवतं. याच मुलखात त्या वर्षी वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. सावकाराच्या कर्जावर लग्न करायचं आणि जन्मभर त्याच्याकडे राबायचं, या ‘लग्नगडी’च्या प्रथेविरुद्ध माणसं उभी राहत होती. अशा ठिकाणी दोन बायका तीन-चार वर्षांच्या पोरांची शाळा काढायला आल्या, हे लोकांना काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केलाय.

(दृश्य : वाडीतलं सारवलेलं अंगण. लहान मुलं.)

शाळेत शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात, बालवाडीत ‘ताई’. फरक एवढाच वाटतो, पण बाईची ताई होणं सोपं नव्हतं. हुजूरपागेत घंटा झाली की मुली रांगेत यायच्या. इथे मुळात येणारंच कुणी नाही. गावात एक मध्यवर्ती बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं तिथपर्यंत पोचेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगण-बालवाडी. तिथे धड्याआधी आंघोळ असायची. नखं कापायची, डोकी विंचरायची, नाकं पुसायची. मग गाणी, मग खेळ.

माँटेसरीची सुबक लाकडी साधनं महाग होती, आणि अंगणात तर ती विचित्रच दिसली असती. त्यांच्या जागी शिंपले आले, खडे, बिया, पानं, काटक्या, माती आली. लहान-मोठं लावायला शिंपले काय वाईट? मोजायला चिंचोके चालतात. मुलाच्या हाताला आकार कळायला हवा, साधन कुठल्या कारखान्यातून आलं याच्याशी त्याला काय देणंघेणं!

बारा वर्षांच्या अनुभवाला अशा ठिकाणी फारसा भाव नसतो. अनुताईंना नव्यानं उमेदवारी करावी लागली. पुढे त्यांच्या हातून ज्या ताई तयार झाल्या, त्यांच्या गुरूंनी स्वतः पस्तिशीत पाटी पुसली होती, हे त्यांना केवढं उपयोगी पडलं असेल.

(दृश्य : टेकडीवरचा चढाचा रस्ता. गुरं. काठी घेतलेला मुलगा.)

दहाएक वर्षांनी काम बोर्डीहून इथे, कोसबाडला आलं. समुद्र मागे राहिला, भोवती वारली पाडे. इथे मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर पाड्यात एक फेरी मारली तरी मिळत होतं. थोरला गुरांमागे जायचा. थोरलीच्या कडेवर धाकटं असायचं. आई-बाप मजुरीवर. शाळेची वेळ आणि घराची गरज यांचा मेळच बसत नव्हता.

मग ‘विकासवाडी’ झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच जागी. थोरली धाकट्याला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायची. आणि जो गुरं सोडून येऊच शकत नाही, त्याच्यासाठी शाळा कुरणावर गेली. कुरणशाळा! किती सरळ नाव आहे.

(दृश्य : भिंतीशी बसलेल्या शिकाऊ ताई. हातात वह्या.)

आता या फिल्मचा खरा विषय.

एक बालवाडी एका बाईला चालवता येते. पाड्यापाड्यावर चालवायची तर माणसं लागतात, आणि पदवी घेतलेली माणसं पाड्यावर यायला तयार नसतात. म्हणून जवळच्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना तयार करायचं, हाच मार्ग उरतो. कोसबाडला बालवाडीच्या ताईंचं प्रशिक्षण उभं राहिलं ते या गरजेतून. शेजारीच बालवाडी भरलेली. व्याख्यान पटलं नाही तर उठून बघून यावं.

अशा शिकाऊ ताईला काय शिकवायचं? गाणी, गोष्टी, साधनं बनवणं, घरभेटी, हे सांगता येतं. कठीण असतं ते गप्प राहायला शिकवणं. पोरगं एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओततंय, निम्मं सांडतंय. नव्या ताईचा हात आपसूक पुढे जातो, “आण, मी करते.” तिथे तिला थांबायला शिकवायचं. आणि मागे बसून बघणाऱ्या मोठ्या ताईची पंचाईत याहून मोठी. नवखीचा वर्ग डोळ्यांदेखत विस्कटत असतो, आपण उठलो तर दोन मिनिटांत पोरं शांत बसतील हे पक्कं माहीत असतं, आणि तरी उठायचं नसतं. चांगला शिक्षक प्रशिक्षक झाला की बहुतेकदा इथेच अडतो. वर्ग हातात घेण्याची त्याची सवय सुटत नाही.

प्रशिक्षण म्हणजे सभागृह, भाषणं, चहा आणि शेवटी प्रमाणपत्र, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यावर न बोललेलं बरं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं एकामागून एक.)

१९७३ साली ताराबाई गेल्या आणि संस्थेचा सगळा भार अनुताईंवर आला. शिक्षणपत्रिकेचं संपादन, लेखन, प्रवास, निधी. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, सुरुवातीला ३३ प्रकल्पांत. तिच्यातलं ‘अंगणवाडी’ हे नाव आज देशभर चालतं. बोर्डीचं अंगण ज्यांनी ऐकलंय, त्यांना ते परकं वाटत नाही. त्या अंगणात मुलं सांभाळणारी ताई मात्र आजही सरकारच्या लेखी मानसेवी आहे. तिला पगार नाही, मानधन मिळतं.

१९८५मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या.

(दृश्य : आजची एक अंगणवाडी. ताई रजिस्टर भरतेय. मागे दोन मुलं चिंचोक्यांची रांग लावतायत. एकाचा पाय लागून रांग मोडते. ताई मान वर करते, बघते, काही बोलत नाही. मुलं पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतात. चित्र तसंच राहू द्यावं. संगीत नको.)