शाळेची बस उभी कुठे राहणार?

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, संपादित)

नमस्कार मंडळी.

काल संध्याकाळी मी आणि माझी भाची टेप घेऊन ओढ्यालगतच्या रस्त्यावर गेलो होतो. विकास आराखड्यात तो रस्ता १८ मीटर रुंद आहे. जागेवर डांबर भरलं साडेसहा मीटर. दोन्ही बाजूंना साइडपट्टी, मग बाभळी, मग कुंपणं. याच रस्त्यावर नवी शाळा येणार आहे. पाचेक वर्षांनी आपली नातवंडं या साडेसहा मीटरमधून शाळेत जाणार आहेत, म्हणून आज मी बोलायला उभी आहे.

शाळा हवी की नको, हा माझ्या दृष्टीने प्रश्नच नाही. शाळा हवीच. आपल्या पोरांना आज दहा-बारा किलोमीटर लांब जावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याखालचे आपल्या राज्याचे नियम सांगतात, की पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. एक किलोमीटर म्हणजे चालत जाण्याचं अंतर. नियम असा असताना आपण पोरांना पहाटे साडेपाचला उठवून बसमध्ये कोंबतो, याचं मला फार वाईट वाटतं.

असं का झालं, त्याचं एक कारण आपल्या आराखड्यातच सापडतं. आराखडा करताना लोकसंख्येच्या हिशोबाने प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, क्रीडांगण अशी आरक्षणं टाकतात, म्हणजे त्या कामासाठी जागा राखून ठेवतात. पण आरक्षण टाकलं म्हणजे जागा ताब्यात आली, असं होत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा संपादन केली नाही, तर मालक 'जागा विकत घ्या' अशी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मालकाची बाजू मला कळते. माणसाने जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण पालिकेकडे पैसा नसतो, फाईल फिरत राहते आणि चौकातली, चांगल्या रस्त्यावरची शाळेची जागा हातची जाते. मग शाळा कुठे उभी राहते? जिथे संस्थेला जमीन परवडते तिथे, म्हणजे गावाच्या कडेला, शेताडीत, अरुंद रस्त्यावर. मुलं लांबून येणार, म्हणून बस आली. बस आली म्हणून ती उभी करायचा प्रश्न आला.

आता आपल्या जागेबद्दल बोलते. साधारण दोन एकर, रस्त्यालगत ऐंशी मीटर आणि आत शंभर मीटर. आराखड्यात ती शेती विभागात आहे. ती सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात, म्हणजे शाळांसारख्या वापराच्या विभागात, घेण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची नोटीस निघाली आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, म्हणून सांगते. जागा आधीपासून योग्य विभागात असती, तर संस्थेने थेट बांधकाम परवानगीसाठी अर्ज केला असता आणि शेजाऱ्यांना कोणी विचारलंही नसतं. कलम ४४ खाली अर्ज आणि कलम ४५ खाली मंजुरी, त्यात जाहीर सुनावणी नसते. विभाग बदलायचा आहे म्हणून आपल्याला बोलायची संधी आहे. नोटिशीपासून एक महिना हरकती व सूचना घेतात, हरकतदारांना सुनावणी देतात, मग प्रस्ताव शासनाकडे जातो. शासन तो जसाच्या तसा मंजूर करू शकतं, बदल करून करू शकतं आणि अटी घालूनही करू शकतं. मला तुमचं लक्ष या अटींकडेच वेधायचं आहे.

परवा मारुतीच्या देवळापाशी काही मंडळी सह्या गोळा करत होती. मजकूर एका ओळीचा: 'शाळेमुळे वाहतुकीची कोंडी होईल, सबब फेरबदल रद्द करावा.' दीडशे सह्या झाल्या होत्या. त्यांच्या मनातली भीती खरी आहे, पण असा कागद सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघतो. समोरचा अधिकारी विचारतो, कोंडी कशाने, किती, कुठे? आपल्याकडे उत्तर नसतं. नोटिशीत 'हरकती व सूचना' असे दोन शब्द असतात. आपण पहिला वाचतो आणि दुसरा सोडून देतो.

तो दुसरा शब्द मला इतका महत्त्वाचा का वाटतो, ते सांगते. नगररचनेत नोकरी करत असताना एका शाळेचा नकाशा माझ्या टेबलावरून गेला. गावाचं नाव घेत नाही. सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, बरोबर होती. चटई क्षेत्र, म्हणजे एकूण बांधकाम, बरोबर होतं. वाहनतळाच्या तक्त्यात जितक्या जागा दाखवायच्या तितक्या दाखवल्या होत्या. बससाठीही चौकटी आखलेल्या होत्या. मी मोजल्या आणि सही केली. शाळा सुरू झाल्यावर वर्षभराने त्या बाजूला गेले, तर सगळ्या बस बाहेर रस्त्यावर. रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, आत घालता येते, पण वळवता येत नाही." आतला मार्ग सहा मीटरचा आणि कोपऱ्यावर ट्रान्सफॉर्मर. मोठ्या बसला पूर्ण फिरून यायला साधारण २४ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. चौकटी होत्या, पण चौकटीपर्यंत बस पोहोचणार कशी, हे मी कागदावर फिरवून पाहिलं नव्हतं. बसच्या पुढून रस्ता ओलांडणारी पहिली-दुसरीतली मुलं मी त्या दिवशी पाहिली. त्यांची डोकी बसच्या बंपरच्या वर जेमतेम दिसत होती. ड्रायव्हरला ती दिसत असतील की नाही, हा विचार आजही मला सोडत नाही.

म्हणून आता आपल्या शाळेचा हिशोब करू. समजा, मोठ्या बस चौदा. एक बस अकरा मीटर लांब, दोन बसमध्ये दीड मीटर अंतर, म्हणजे एका बसला साडेबारा मीटर. चौदा बसची रांग झाली १७५ मीटर. जागेची रस्त्याकडची बाजू ८० मीटर. उरलेली ९५ मीटर रांग शेजाऱ्यांच्या दारासमोरून डेअरीच्या पुढे जाणार. आणि ही अडचण सकाळपेक्षा दुपारी जास्त होते. सकाळी बस एकेक करून येतात, मुलं उतरली की निघून जातात. सुटताना सगळ्या बस घंटेच्या आधी वीस मिनिटं येऊन उभ्या राहतात, शिवाय रिक्षाकाका, व्हॅनवाले आणि स्कूटरवर आलेले पालक. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहानग्यांच्या झोपेसाठी हे चांगलंच झालं. पण ज्या शाळेत मोठे सातला आणि धाकटे नऊला येतात, तिथे बसच्या फेऱ्या वाढल्या, आणि नऊची फेरी नेमकी ऑफिसच्या गर्दीत सापडते.

याच चौदा बस आत घेतल्या तर? उभं राहायला एका बसला साडेतीन बाय बारा, म्हणजे ४२ चौरस मीटर. चौदा बसचे ५८८. वळायला, आत-बाहेर करायला साधारण तेवढीच जागा आणखी. म्हणजे बाराशे चौरस मीटरच्या आसपास, ऐंशी गुणिले शंभर अशा आठ हजारांतले. सातवा हिस्सा. हे जमण्यासारखं आहे, फक्त आधी ठरवावं लागतं. इमारत उभी राहिल्यावर ही जागा कुठून काढणार?

एक गोष्ट फार बारकाईने पाहा. नकाशात क्रीडांगण आणि बसतळ एकाच जागेवर दोनदा मोजलेले नाहीत ना? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान सांगितलेलं आहे. 'बस फक्त दोनदा येणार, मधल्या वेळेत मुलं खेळतील' असं कोणी म्हणालं, तर मानू नका. ज्या मातीवर दिवसातून चार वेळा बसची चाकं फिरतात, तिथे खो-खोचे खुंट राहत नाहीत आणि धावपट्टीही राहत नाही. ऑइलचे डाग तेवढे राहतात.

आता फाटकाचं बघू. आपल्याकडे बसचं दार डाव्या बाजूला असतं. सगळा आराखडा या एका गोष्टीवर बसवायचा. रस्त्यावर शाळेकडे तोंड करून उभे राहा. शाळेच्या बाजूची वाहतूक तुमच्या डाव्या हाताकडून उजवीकडे जाते. म्हणून आत यायचं फाटक डाव्या टोकाला आणि बाहेर पडायचं उजव्या टोकाला. बस डावीकडे वळून आत येते, मग इमारतीसमोरून सरळ जाते. त्या वेळी इमारत तिच्या डाव्या हाताला असते, म्हणजे दार इमारतीकडे उघडतं. मूल उतरतं ते थेट ओट्यावर, बसच्या पुढूनही नाही आणि मागूनही नाही. मग बस दुसऱ्या फाटकातून डावीकडे वळून निघून जाते. कुठे रिव्हर्स नाही, कुठे समोरची वाहतूक कापणं नाही. फाटकांची अदलाबदल केली, तर हीच बस उलटी फिरते, दार इमारतीच्या विरुद्ध बाजूला उघडतं आणि प्रत्येक मुलाला बसला वळसा घालून जावं लागतं. प्रस्तावासोबतच्या नकाशात एकच फाटक दाखवलं आहे, मधोमध. कमानीसाठी ते छान दिसेल. पण एका फाटकातून चौदा बस आत जाणार आणि त्याच फाटकातून बाहेर पडणार, तर प्रत्येक वेळी कोणाला तरी थांबावं लागेल, आणि जो थांबेल तो रस्त्यावर थांबेल.

आणखी एका विषयावर कोणी बोलत नाही. सकाळची फेरी झाली की दुपारपर्यंत बस कुठे असते? बहुतेक ठेकेदारांच्या बस तिथेच थांबतात, कारण परत जाऊन यायचं डिझेल परवडत नाही. त्या बसमध्ये ड्रायव्हर असतो आणि २०११ च्या स्कूलबस नियमांमुळे एक महिला मदतनीसही असते. आमच्या घराजवळच्या शाळेतल्या एका ताईंशी मी बोलले. सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच त्या बसमध्येच असतात. डबा तिथेच, जरा आडवं व्हायचं तर मागच्या सीटवर. स्वच्छतागृहासाठी शाळेत जाऊ देत नाहीत, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. आपल्या मुलांचा हात धरून रस्ता ओलांडून देणारी बाई आठ तास तहानलेली राहते. बसतळ म्हटल्यावर तिथे एक नळ, एक स्वच्छतागृह आणि सावलीला चार झाडं हवीत. त्यासाठी वेगळ्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. संस्थेच्या आर्किटेक्टने एक छोटी खोली आखली की झालं. ही मागणी आपण लिहून देऊ या.

तर, लिहायचं कसं? प्रत्येक कागदावर गट नंबर आणि नोटिशीची तारीख घाला. आपलं घर त्या जागेपासून किती मीटरवर आहे ते सांगा. मग सूचना. माझ्या मते तीन अटी मागायच्या. पहिली अट बसची. सर्व बसची चढ-उतार आणि थांबा भूखंडाच्या आत असावा, आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं फाटक वेगळं असावं, आणि बस फिरण्याचा मार्ग मोजमापासह बांधकाम नकाशावर दाखवावा. दुसरी अट रस्त्याची. १८ मीटरपैकी शाळेच्या बाजूची रस्ता रुंदीची पट्टी पालिकेच्या ताब्यात देऊन, पदपथ करून झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळू नये. तिसरी, क्रीडांगण वेगळं आखून त्यावर वाहन जाणार नाही असं कुंपण. डिझेलचा धूर बालवाडीच्या खिडक्यांत जाऊ नये, ही गोष्टही कोणीतरी लिहा. दीडशे सह्यांच्या एका कागदापेक्षा दहा घरांनी आपापल्या दारासमोरचं माप घेऊन लिहिलेले दहा कागद सुनावणीत जास्त वेळ घेतात. आवक क्रमांकाची पोच घ्या, आणि सुनावणीला स्वतः जा.

शाळा सुरू झाल्यावरही एक दार उघडं राहतं. त्याच २०११ च्या नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक. बसचे थांबे, वेळा, वेग हे विषय तिथे नेता येतात. पण ती समिती भिंत पाडू शकत नाही, फाटक हलवू शकत नाही. ते आत्ताच होऊ शकतं, कागदावर, रबराने खोडून.

संस्थेच्या लोकांनाही मी भेटले. ते शत्रू नाहीत. दुसऱ्या फाटकाचा विषय काढल्यावर त्यांचे विश्वस्त म्हणाले, "हे आम्हाला कोणी सुचवलंच नव्हतं." आज ते इथे आले आहेत, शेवटच्या ओळीत बसले आहेत. त्यांचे मी आभार मानते.

नोटिशीची मुदत संपायला अकरा दिवस आहेत. नकाशाची प्रत मागच्या टेबलावर पसरून ठेवली आहे. स्केलपट्टी आणि पेन्सिल आहे, आणि माझ्या भाचीने पुठ्ठ्याची अकरा मीटरची बस त्याच स्केलमध्ये कापून आणली आहे. चहा येईपर्यंत सगळे तिकडे या. ती बस प्रत्येकाने एकदा त्या फाटकातून आत घालून बघा.