उद्या पट्टी सोडायला कोण येणार?

परळ, जुलै महिना, सकाळपासून धो धो. चाळीच्या जिन्याखाली गल्लीतला कुत्रा काळू बसलाय आणि सारखी मान झटकतोय. लांबून काहीच दिसत नाही, जवळ गेलं की आधी वास येतो, मग मानेवरचे केस बाजूला केले की आत पांढरं वळवळताना दिसतं. किडे पडलेत.

पावसाळ्यात हे नेहमीचंच. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, 12 ते 24 तासांत अळ्या बाहेर, आणि त्या वर वर राहत नाहीत, मांस खात आत घुसतात, म्हणून वरून भोक एवढंसं आणि आत ही पोकळी!

हात लावायच्या आधी तोंड बांधायचं. दुखत असलं की गल्लीतला सगळ्यात गरीब कुत्रापण चावतो. गॉजच्या पट्टीचा फास नाकाडावर, एक वेढा हनुवटीखाली, टोकं कानांमागे नेऊन गाठ. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र नाही हां, गुदमरेल.

"काकी, घट्ट धरा, सोडू नका."

"धरलाय गं, तू कर लवकर."

अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक छोटा चमचा मीठ, आणि सुई काढलेल्या सिरिंजने धार. मग बीटाडिन, तेपण पाणी घालून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं. फिनाईल, डेटॉल कपाटातच राहू द्या, मांजराला तर ते विषच, चाटून पोटात जातं. टर्पेंटाइनचा बोळा कोंबायची जुनी पद्धत अजून चालते, अळ्या श्वासासाठी वर येतात हे खरं, पण मांसाला जाम झोंबतं. त्यापेक्षा जनावरांच्या जखमेतल्या किड्यांसाठी मिळतो तो स्प्रे बरा. चिमट्याने एकेक अळी काढायची आणि उद्या परत बघायचं, कारण एखादी आत राहतेच.

आणि पट्टी? काळूला नाही. मानेला पट्टी म्हणजे गळफास. जखम उघडीच.

बाजूच्या राणीचा पंजा काचेने कापलाय, तिला बांधावी लागेल. बोटांच्या मधे कापूस, जखमेवर गॉज, वर कापसाचा रोल, त्यावर क्रेप बँडेज. नीट बघा, मधली दोन बोटं मुद्दाम बाहेर ठेवलीत. ती सुजून एकमेकांपासून लांब गेली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडा. बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी कापून वरून चढवायची, आत आली की काढायची. पट्टी ओली झाली तर त्याच क्षणी बदला, ओल्या पट्टीत जखम सडते.

म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्याला पट्टी बांधताना आधी विचारायचं, उद्या सोडणार कोण? कोणीच नसेल तर बांधू नका. विसरलेली पट्टी रक्त अडवते आणि पायच जातो, फोटोत मात्र छान दिसते.

हाड दिसतंय, रक्त थांबत नाही, किडे कानात किंवा डोळ्यापाशी आहेत, तर घरी काही करत बसू नका. टॅक्सीवाल्याला नुसतं बैलघोडा हॉस्पिटल म्हणा, म्हणजे परळचं जनावरांचं हॉस्पिटल. 1886 साली सुरू झालेलं व्हेटर्नरी कॉलेजपण तिथेच, परळलाच.

आणि चावलाच तर साबण लावून नळाखाली 15 मिनिटं धुवा, अँटी-रेबीज इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू करा. हळद-चुना नको.